थोरल्याकडचा पाना

उचगावच्या बससाठी रांगेत उभ्या असलेल्या दीक्षाच्या मागं एक बाई आपल्या नवऱ्याला फैलावर घेत होती. नवऱ्याच्या काखेत प्लास्टिकची लाल पेटी होती. दीक्षानं मान वळवली नाही, पण कान मागंच ठेवले.

"एका पेटीत सगळी हत्यारं म्हणं! पाण्याच्या मोटरचा एक नट सुटंना, उलट पान्याचंच तोंड फाकलं!"

"दुकानदारानं फसिवलं गं."

"दुकानदारानं न्हाय, तुमच्या ताठ्यानं फसिवलं! मामंजींचा पाना वाटणीत थोरल्या भावजींकडं गेला. त्यो मागाय त्यांच्या दारात जायला नको, म्हणून आणलीसा ही पेटी!"

"हळू बोल की. लोकं ऐकाय लागल्यात."

"ऐकू देत! म्हशी तान्हेल्या ठेवल्यासा, पर सख्ख्या भावाची पायरी चढला न्हाईसा. त्यांच्या नातवाच्या बारशाला सुदीक न्हाई. आता पळाय लागलंय ते पोरगं!"

"आता निघालोय न्हवं?"

"नड आली म्हणून निघालाय!"

"दादा दील का गं पाना?"

"न द्यायला काय झालंय? दर खंडेनवमीला पुजत्यात, तेल लावून ठेवत्यात. धाकट्याला कधीबी लागंल, म्हणत्यात."

तेवढ्यात बस आली.

"आन् ही बिनकामाची पेटी कशाला घेतलीसा संगं? द्या की टाकून!"

"ऱ्हाऊ दे. दादाच्या नातवाला खेळाय हुईल. बारशाचं ऱ्हायलंय न्हवं."