मागची सीट नसलेली गाडी

गाड्यांच्या शोरूममध्ये मी माझ्या कागदांची वाट बघत होते. शेजारच्या सोफ्यावर पन्नाशीतलं एक जोडपं बसलं होतं, आणि त्यांच्यासमोर उभी होती एक लाल, बुटकी, दोनच सीटांची गाडी.

"अहो, या वयात हे काय खूळ? आत बसाल, पण बाहेर काढायला क्रेन लागेल."

"तू हात दे, म्हणजे झालं."

"डिकी बघा, दोन पिशव्यांत भरेल. ट्रकवाल्याला तर ही दिसणारसुद्धा नाही. एअरबॅग तरी किती आहेत?"

"दोन."

"दोनच?"

"आपल्या गाडीत सहा आहेत ना? एकीनं तरी वाचवलं का पोरीला?"

बाईंनी पर्समधून रुमाल काढला.

"पाणी घे थोडं."

"नको. खरं सांगा, हीच का हवी?"

"हिला मागची सीटच नाही गं. आरशात बघितलं की नुसता रस्ता दिसेल."

"मीही बघते हो मागे. प्रत्येक सिग्नलला."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर म्हणतो, हीच घेऊ."

"मग तिचा स्वेटर कुठे ठेवायचा? मागच्या सीटवरच असतो तो."

"डिकीत ठेवू. नीट घडी घालून."

"डिकीत नको हो. अंधाराला घाबरते ती."