लक्ष असू द्या

नाही नाही, साखळी राहू द्या दाराला, मी आत येत नाही — फक्त माझ्या पोरीला बाहेर द्या, नाहीतर फटीतून दिसेल अशी तरी बसवा. समोरचीच आहे मी, ते बघा आमचं दार, बाहेर छोट्या चपला आहेत ना, ते. ओळखत नाही का मला? लिफ्टमध्ये तर भेटतो आपण — भेटतो म्हणजे, तुम्ही मजल्याचे आकडे बघता आणि मी तुमच्या पिशवीकडे. खाली रखवालदार म्हणाला, तुझी पोरगी दारं वाजवत फिरत होती, समोरच्या ताईंनी आत घेतली आणि त्या बालकल्याणवाल्या, मुलांच्या ऑफिसात फोन केला. घेतलीत ते देवासारखं केलंत. पण फोन कशाला, ताई? चार शब्द मलाच सुनवायचे, मी ऐकून घेतले असते, मला सवय आहे.

एकटी टाकून गेले? टाकून नाही हो, सांगून गेले होते. कुणाला म्हणजे — सगळ्यांनाच. आमच्या गावात असंच असतं. बाई उंबऱ्यात उभी राहते, गल्लीला हाळी देते, पोरीकडे लक्ष असू द्या गं, आणि निघते. ओ कुणी देत नाही. ओ द्यायची पद्धतच नाही. जिला जमणार नाही ती ओरडते, माझ्यावर नको, मी चालले पाण्याला — आणि कुणीच ओरडलं नाही की झालं, पोर गल्लीचं. पडलं तर उचलतील, भुकेजलं तर भरवतील, वांडपणा केला तर धपाटाही घालतील आणि संध्याकाळी वर मलाच ऐकवतील. तसंच मी आज इथं, ह्या पॅसेजमध्ये उभी राहून म्हटलं, चांगलं मोठ्यानं म्हटलं. दारं बंद होती, पण तुमच्या दाराखालून उजेड दिसत होता. कुणी नाही म्हणालं नाही. मला वाटलं, झालं.

गेले कुठं होते? खालीच की, साबण आणायला. आत्ता गेले नि आत्ता आले. रोज तर कशी शहाण्यासारखी खिडकीशी बसते, मी येईपर्यंत हलत नाही — रोज म्हणजे, रोज नाही, कधीतरी — असं नका बघू, ताई. बरं, रोज. लॉन्ड्रीत इस्त्रीच्या टेबलाला असते मी, हॉटेलांच्या चादरी येतात. मालकीण पोर आणू देत नाही, वाफेनं भाजेल म्हणते, तिचंही खोटं नाही. पाळणाघरवाले म्हणाले जागा झाली की कळवू. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, तो म्हणतो, उपाशी राहा पण कुणाची मिंधी होऊ नकोस — उपाशी राहा म्हणायला त्याचं काय जातंय, तो ढाब्यावर जेवतो. मग बाहेरून कडी लावून जायचे. आणि परवा कुठल्याशा इमारतीत आग लागली, कामावर बायका बोलत होत्या, आतली पोरं दार ठोकत राहिली म्हणे — आज माझा हातच उचलेना कडीकडे. म्हणून नाही लावली. आता लावली तर पोर कोंडलं, नाही लावली तर मोकाट सोडलं, मधलं काही असतं का? तुम्हाला माहीत असेल तर सांगा. तिला काय ठाऊक, इथली दारं वाजवायची नसतात. तिकडं दारं उघडीच, ही सरळ कुणाच्याही चुलीपाशी जाऊन बसायची.

आणि गंमत सांगू का — गंमत कसली, डोंबलाची. शहरात जाऊ म्हणून मीच नवऱ्याच्या मागे लागले होते. गावात मला शिंक आली तरी चार घरं विचारायची. केस नीट विंचरले तरी जाऊबाई म्हणायची, आज कुणासाठी गं एवढं? मी म्हणायचे, एकदा अशा जागी राहायचंय जिथं कुणी डोकावणार नाही. झालं मनासारखं. पहिल्यांदा इथं आले तेव्हा दार लावून नुसती हसत बसले होते, ताई, इतकं बरं वाटलं होतं.

ऐका. त्या ऑफिसातल्या येतील आता. एकच करा. म्हणा, ही मला सांगून गेली होती, पोर माझ्याकडे होतं. एवढंच. खोटं कुठंय त्यात, मी सांगितलंच होतं, तुम्ही आत होतात. काम सोडते मी उद्यापासून, नाहीतर तिला पाठीशी बांधते, काहीतरी करते — पण त्यांनी एकदा नेली तर कुठं शोधायची, कुणाच्या पाया पडायचं? इथं ओळखीचं कोण आहे आमच्या? तुम्हीच काय त्या.

लिफ्ट थांबली. ताई — म्हणाल ना? मान हलवलीत. हलवलीत ना, बघितलं मी.

या मॅडम. मी आई तिची. कामाला गेले होते, ह्या ताईंकडे सोपवून गेले होते, विचारा त्यांना — बघा, हो म्हणाल्या. अहो शेजारच्या कसल्या, घरच्याच. रोजचं येणं-जाणं आमचं, ह्यांच्या तर अंगाखांद्यावर वाढली ती —

नाव? सांगते ना, नाव तिचं — मी नाही?

ह्यांनी सांगायचं?

बरं. नाही बोलत मी.