दहा-शून्यची मिरवणूक

मॅटवरच्या कुस्तीचं नावच काढू नका माझ्यापुढं! परदेशी स्पर्धेच्या निवडीले आमच्या तालमीच्या वस्तादांनी मले सिंदेवाहीहून नागपूरले नेलं. समोरच्या पैलवानानं माझे घोटे धरून मले लाटण्यासारखं फिरवलं. मी छाती गादीले चिकटवून पडून राह्यलो. आपल्या मातीच्या कुस्तीत पाठ टेकली नाई तं असं अर्धा तास पडलं तरी कोणी हारत नाई. इथी पंचानं मिनिटभरात त्याचा हात वर केला.

"काऊन? माझे खांदे टेकले काय?"

"गुणांवर हारला तू," पंच म्हणाला, "दर फिरवण्याचे त्याले दोन गुण. दहा-शून्य."

वस्तादांनी माझी पाठ नीट पाह्यली अन् गावाले फोन लावला.

परदेशात तो समोरचा गेला. मी गावात उतरलो तं बँड उभा! वस्ताद साऱ्याइले सांगून राह्यले होते, "पोट्ट्याच्या पाठीले मातीचा कण नाई. हारला कसा?"