साहेब येईपर्यंत घिरट्या

सकाळची औषधे देऊन, वैमानिक नवऱ्याचा प्लास्टरमधला पाय उशीवर नीट ठेवून क्रांती साताऱ्यातल्या दवाखान्याच्या बाकावर येऊन बसली. शेजारी दोघे अनोळखी गावकरी बोलत होते.

“पेट्रोल संपलं न् इमान पडलं उसात. पायलटच येडा रं!”

“आरं, पुतळ्याच्या उद्घाटनाला वरनं फुलं टाकायची हुती. सायेब येईस्तोवर घिरट्या घाल म्हनलं त्येला.”

“मग उतरायचं न्हाई व्हय?”

“उतरतो म्हनला, तर फोनवर दम दिला. सायबांच्या डोक्यावर फुलं पडल्याबिगर उतरायचं न्हाई!”

“आन् सायेब कुटं हुते?”

“वाटंत सत्कार घेत हुते. आज त्येला बघाया येत्यात, फोटोवाले घिऊन.”

“लय मोठं मन, गड्या!”

खाली गाड्यांचे भोंगे वाजले. क्रांती उठली, नवऱ्याच्या खोलीत गेली आणि तिने आतून कडी लावली.