आठ दिवसांचं आयोडीन

— नाही, नाही, तिथंच थांबा अक्का, तुळशीपाशी. खुर्ची मुद्दाम तिथं ठेवलीय. धुळ्याची गाडी वेळेवर आली ना? मेहरूणला रिक्षावाले नाटकं करतात — बसा. मी या बाहेरच्या खोलीतूनच बोलते. जवळ यायचं नाही, पंधरातले सहाच दिवस झालेत. विटाळ नव्हे हो, औषध. गळ्याच्या गाठीसाठी मुंबईला आयोडीनची गोळी दिली, किरण सोडणारी. तुम्ही लांबून बोललात तर चालतं, पण पोटुशी बाई जवळ नको. म्हणजे आपली हेमलता. आणि शुक्रवारी तिची ओटी! पहिल्या सुनेची ओटी माझ्या हातानं भरीन, असं आपल्या कानबाई देवीपुढं बोलले होते मी.

पण मी मजेत आहे. गोळीआधी दोन आठवडे पाकिटातलं मीठ बंद, दूध बंद — बाकीच्या बाया रडकुंडीला आल्या. मला काय, जन्मभर सैंधवाचे उपवास. आणि किरण मोजायला एक शीतल यायची, दारातूनच यंत्र धरायची, तिला विचारलं, हे मिठातलंच आयोडीन ना? तेच मावशी, म्हणाली, वजनाला जरासं भारी. एकाच पदार्थाची अशी हलकी-भारी भावंडं असतात, समस्थानिक म्हणतात, सव्वाशे वर्षांपूर्वी कुणाला पत्ताही नव्हता. आपल्या गळ्याला फरक कळत नाही, आपलंच समजून आत घेतो. आणि हे कसं सापडलं ऐका — एकोणीसशे अडतीस साल, अमेरिकेतला एक डॉक्टर कुरकुरत होता, मला मिळतं ते किरणवालं आयोडीन पंचवीस मिनिटांत निम्मं होतं, काम कधी करू? रसायनवाल्यानं विचारलं, किती टिकणारं हवं? हा म्हणाला, आठवडाभर. शोधलं तर सापडलं आठ दिवसांत निम्मं होणारं. मागितलं तसं! मी तर हातच जोडले. पुढं त्या शोधणाऱ्याच्या आईलाच ते लागलं, तिची वर्षं वाढली म्हणे. माझीही वाढतील, बघा तुम्ही.

हसलात ना? हसा. मुंबईच्या त्या खोलीत चार दिवस मी एकटी, ताट दाराबाहेर ठेवून जायचे. दोन दिवस जप केला. तिसऱ्या दिवशी ताट उचलायला वाकले आणि तुम्ही आठवलात — माझ्या दिपमालाची ओटी, भाऊजींना जाऊन वर्ष झालेलं, तुम्ही नारळ घेऊन पुढं आलात आणि मी म्हटलं, "अक्का, तुम्ही आत पोळ्यांचं बघा." तुम्ही बघितलंत. चाळीस माणसांच्या लाटल्यात, न जेवता गेलात. सहा वर्षं आपण फोनवर नुसतं पाऊसपाणी बोलतोय. हे एवढ्यात काढायचं नव्हतं मला, चहा झाल्यावर काढणार होते —

माझ्या ललितनं पोळ्यांसाठीच बोलावलंय म्हणून सांगितलं ना? मीच तसं सांगायला लावलं. खरं सांगितलं असतं तर आला नसतात.

"हेमलताची ओटी तुम्ही भरा."

लोक? लोकांना मी इथून बघून घेते, जवळ यायची कुणाची हिंमत आहे सध्या? हेमलता तर म्हणाली, मोठ्या आईंनीच भरायची. कानबाईलाही सांगून झालंय. नाही म्हणायचं तर म्हणूही शकता, तेवढा हक्क आहे तुमचा — पण आत पलंगावर हिरवी साडी आहे, ती तिची नाही, तुमची. दिपमालानं निवडलीय, माझा हात लागलेला नाही.

उठलात? अहो, इकडं नको — तिथूनच पुसा डोळे. जा आत. हेमलता केव्हाची दाराआड उभी आहे, तुमच्यासाठी जेवायची थांबलीय, तिला भूक सहन होत नाही.