अमेरिकेत हॉर्न वाजवू नये

— नाही गं संजना, अमेरिका वाईट नाही, अमेरिका फक्त दमवते. आरसा बघ, इंडिकेटर दे, आता निघ. हं, छान. तुझ्या नवऱ्याची बदली अमेरिकेला झालीय म्हणून तू विचारतेस आणि मी जाऊन आलेय म्हणून सांगते — आणि मॅडम नको म्हणूस, कावेरीकाकू म्हण, रोज तासभर एका गाडीत बसतो आपण. मी गेले होते माझ्या लेकीच्या, मनालीच्या बाळंतपणासाठी, तीन महिने राहायची तयारी करून, मेतकूट-डिंक सगळं घेऊन. विसाव्या दिवशी परत आले ते सोड, तो वेगळा विषय. सरळ जा. डिस्कव्हरी गार्डन्सच्या वस्तीतून बाहेर पडेपर्यंत सांगून होईल.

तिथे चौक असतात पण सिग्नल नसतो. चार बाजूंनी चार गाड्या येतात, थांबतात, आणि मग जो तो दुसऱ्याला हात करतो — तुम्ही जा. तो म्हणतो, छे छे, तुम्ही. लग्नात पहिल्या पंगतीला बसायला लाजतात ना, तसं. आपल्या शेख झायेद रोडवर असा हात केलास तर मागचा दिवे मारून मारून आंधळी करेल तुला. आणि पेट्रोल? मनालीची गाडी घेऊन पंपावर गेले, काच खाली केली आणि बसले. ‘स्पेशल, फुल’ एवढं तोंडात तयार. पाच मिनिटं झाली, दहा झाली, कोणी येईना. शेवटी मागच्या गाडीतली बाई येऊन विचारते, आर यू ओके? तिने सांगितलं, इथे कोणी येत नसतं, आपलं आपण भरायचं. चोवीस वर्षं दुबईत गाडी चालवतेय, अर्ध्या महाराष्ट्राच्या बायकांना शिकवलीय, आणि पेट्रोलचं झाकण कसं उघडतात ते मला एका अमेरिकन बाईने शिकवलं — राउंडअबाउट आलाय, डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ दे. शाब्बास.

हॉर्नचं सांगते. इथे आपण कसं, कॅफेटेरियासमोर गाडी उभी करतो, एक बारीक हॉर्न, की करक चहा खिडकीशी हजर. तिथे कॉफीचं दुकान दिसलं, मी सवयीने हॉर्न दिला. कोणी हलेना, म्हणून जरा लांबवला. आतली सगळी माणसं काचेशी आली, एक दाढीवाला दोन्ही हात वर करून बाहेर आला, आणि मी त्याला सांगितलं, दोन करक, साखर कमी. विघ्नेश शेजारी बसला होता, जावई माझा, तो सीटवरून असा खाली घसरला की नुसता बेल्ट दिसत होता. मग आत गेलो. रांगेत आपण उभं राहायचं, साखर आपण घालायची, झाकण आपण लावायचं, सहा डॉलर द्यायचे — म्हणजे बावीस दिरहम, म्हणजे पाचशेच्या वर रुपये — आणि वर ती मुलगी टॅब फिरवून विचारते, टीप किती टक्के? मी म्हटलं, काम मी केलंय, तू दे. विघ्नेशने भाषांतर केलं नाही.

शेजारची म्हातारी रोज बाबागाडी ढकलत जायची. म्हटलं, या वयात नातवंडं सांभाळते बिचारी, म्हणून कौतुकाने वाकून पाहिलं, तर आत कुत्रा. स्वेटर घातलेला. दर बुधवारी त्याला मनाच्या डॉक्टरकडे नेतात. मी विचारलं, झालंय काय त्याला? तर म्हणे एकटं वाटतं — स्पीड, स्पीड बघ, इथे चाळीस आहे. घाबरू नकोस, माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक आहे, तो मी आहे तोवर आहे.

तेच तर झालं ना तिथे. विघ्नेशच्या शेजारी बसले की माझा उजवा पाय दाबायचाच. ब्रेक कुठला, नुसती मॅट. तो कधी बोलला नाही, गुणी आहे. पण त्या दिवशी तो घरासमोरून गाडी मागे घेत होता, मनाली मागे बसलेली, सातवा संपत आलेला, आणि मला आरशात ती बाबागाडी दिसली. त्यालाही दिसली असणार. पण मी थांबते कुठली, धरलं स्टिअरिंग आणि ओढलं. गाडी म्हातारीच्या हिरवळीवर, तिची पत्रपेटी आडवी, कुत्रा भुंकतोय, आणि म्हातारी म्हणते काय, डोंट वरी, हॅव अ नाइस डे. हस, हस तू, मीही हसूनच सांगते सगळ्यांना. फक्त मनाली हसली नाही. मागून म्हणाली, “आई, यू ऑलवेज हॅव अ ब्रेक ऑन युअर साइड. ऑल माय लाइफ.” बस, एवढंच. आवाज चढवला नाही.

तिचे बाबा गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती गं. कुठली शाळा, कुठलं कॉलेज, कुठल्या मैत्रिणीकडे किती वाजेपर्यंत, सगळं मीच. दुसरं कोण होतं? मला वाईट वाटलं, खूप वाटलं, आणि मी तिकीट बदललं. बाळाची तारीख आता बारा दिवसांवर आलीय. जाणार कशी, रजाच देत नाहीत ऑफिसमध्ये — हं, इथे लाव गाडी, सावलीत. बघ, किती नीट लावलीस. आणि सोमवारी रजा मंजूर झाली तरी तिकीट कुठे —

काय बघतेस? हो, मंजूर झालीय. बोलून गेले खरं. तिचा मेसेज दहा दिवसांपूर्वीच आलाय, ‘आई, येतेस? तिकीट काढते.’ उत्तर नाही दिलं. राग नाही गं, राग कधीच गेला. भीती वाटते. पुन्हा माझा हात गेला तर?

हा घे फोन, तूच लिही, चष्मा घरी राहिलाय माझा. — डोळ्यांवर आहे, माहितीय मला. तरी तूच लिही. मराठीत लिही, सावकाश वाचते पण वाचते ती. लिही, येते. पुढे लिही, गाडीत मी मागे बसेन. नाही, अजून काही नको, एवढंच. पाठवलंस? वाचलं तिने? लिहितेय काहीतरी? — दे, दे इकडे तो फोन, तू नको वाचूस. उतर आता. आजचा क्लास खलास. यल्ला, चल, दार लाव.