खाऊचं बटण

जबाब, पोलीस ठाण्यात घेतलेला. सुरुवात सायंकाळी ६.५५.

जबाब देणार महिला, वय ४३ वर्षे, व्यवसाय पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी, राहणार चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. पूर्ण नाव व पत्ता बेपत्ता नोंदवहीत घेतला आहे.

मी स्वतः ठाण्यात येऊन, हवालदारांनी विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी, माझे पती व माझे सासरे असे तिघे राहतो. सासऱ्यांचे वय ७८ आहे. ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ३१ वर्षे पाळीने कामाला होते. आज सकाळी ते घरातून निघून गेले व अद्याप परत आलेले नाहीत. त्यांचा फोन घरीच आहे. दुपारची साखरेची गोळी डबीत तशीच आहे. गेल्या काही महिन्यांपासून त्यांना विसर पडतो, व घराचा रस्ता ते दोनदा चुकले आहेत. पती स्कूटरवरून शोध घेत आहेत.

वर्णन: उंची पाच फूट चार इंच, अंगाने बारीक, राखाडी पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात चपला. खिशाला पेन. ते पेन चालत नाही, तरी लावतात.

घरात काही वाद झाला होता का, असे हवालदारांनी विचारले. मी नाही म्हणाले. ते खरे आहे. वाद व्हायला दोन्ही बाजूंना काय चालले आहे ते ठाऊक असावे लागते.

ते नेमके किती वाजता गेले, याबाबत सांगते की, आमच्या बैठकीच्या खोलीत चारशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तिच्यात जिवंत पोवळी व नऊ मासे आहेत. टाकीचा हीटर, दिवे व पंप एका कंट्रोलरला जोडलेले आहेत. तो पाण्याचे तापमान पाहून सर्व उपकरणे चालू-बंद करतो, प्रत्येक गोष्टीची वेळेसह नोंद ठेवतो व काही बिघडल्यास माझ्या फोनवर सूचना पाठवतो. तो मी स्वतः बसवला आहे. सासरे त्याला मुकादम म्हणतात, कारण तो स्वतः काही करत नाही, नुसता इतरांना कामाला लावतो.

टाकीखालच्या कपाटाला एक बटण आहे. दाबले की पंप दहा मिनिटे थांबतात, म्हणजे टाकलेले खाणे वाहून जात नाही. नंतर पंप आपोआप सुरू होतात. आम्ही त्याला खाऊचं बटण म्हणतो. चार वर्षे सकाळी नऊ व संध्याकाळी सहा वाजता हे काम सासऱ्यांकडे होते. बटण दाबताना ते मोठ्याने "पंप बंद" म्हणतात, आणि पंप सुरू झाले की "पंप चालू". खोलीत कोणी नसले तरी म्हणतात. पंप थांबल्याशिवाय ते पाण्यात चिमूटभरही खाणे टाकत नाहीत.

गेल्या दोन महिन्यांपासून खाणे दिल्याचे ते विसरत व पुन्हा देत. एका दिवशी पाच वेळा दिले. पाणी खराब झाले, दोन पोवळी पांढरी पडून मेली. मी चिडले होते. दिवसभर लोकांच्या पाण्याचे नमुने तपासायचे आणि घरच्या पाण्याची ही गत, हे मला सहन होत नव्हते. म्हणून काल रविवारी संध्याकाळचे खाणे झाल्यावर मी टाकीच्या झाकणाखाली आपोआप खाणे टाकणारी डबी बसवली व फोनवरून त्या बटणाला कुलूप लावले. कुलूप लावल्यावर बटण दाबले तरी पंप थांबत नाहीत. सासरे तेव्हा आतल्या खोलीत बातम्या पाहत होते.

पती म्हणाले, "बाबांना सांगून टाक की." मी म्हणाले, "कशाला? दोन दिवसांत विसरतील."

आज मी सव्वाआठला व पती पावणेनऊला घरातून निघालो. ९.५२ वाजता माझ्या फोनवर सूचना आली की कंट्रोलरचा एक भाग निघालेला आहे. मी प्रयोगशाळेत होते. अशा सूचना दिवसातून दहा येतात. मी "दुर्लक्ष करा" दाबले. सायंकाळी पावणेसहाला घरी आले तेव्हा दार नुसते ओढलेले होते. शेजारी विचारले, जिन्यात पाहिले, बागेत पाहिले. टाकीकडे पाहिले नाही.

वेळ बरोबर लिहिली जावी म्हणून मी येथे हवालदारांसमोर फोनवर कंट्रोलरच्या नोंदी उघडल्या. त्या अशा की, ९.०० वाजता डबीतून खाणे पडले. ९.०४ वाजता खाऊचं बटण दाबले गेले. तेव्हापासून ९.४३ पर्यंत ते एकूण अकरा वेळा दाबले गेले. पहिल्या तीन नोंदींत काही सेकंदांचे अंतर आहे. नंतर तीन-तीन, चार-चार मिनिटांचे. दहाव्या व अकराव्या नोंदीत सोळा मिनिटे आहेत. त्या सोळा मिनिटांत ते काय करत होते, हे यंत्रात येत नाही. ९.५२ वाजता निघालेला भाग म्हणजे तेच बटण.

हवालदारांनी पाणी पुढे केले. मी प्यायले.

"बाई, बटण उपटून माणूस कुठं जाईल?" असे त्यांनी विचारले.

त्यावर मला आठवले ते सांगते. पंपघरात स्विच गेला तर काय करत, हे सासरे जेवताना नेहमी सांगत. मी ते इतक्यांदा ऐकले आहे की अलीकडे मधेच विषय बदलत असे. स्विच खोलायचा, स्वतः घेऊन जायचा, आणि दुरुस्तीला टाकून निघून यायचे नाही. समोर बसून करून घ्यायचा. मी म्हणाले, "दुरुस्तीला गेले असतील."

हवालदारांनी हद्दीतील दुरुस्तीवाल्यांना फोन लावले. पहिल्याने नाही सांगितले. दुसऱ्याने उचलला नाही. ७.३१ वाजता तिसरा, जुन्या बसथांब्यामागचा मिक्सर-पंखे दुरुस्त करणारा, म्हणाला, "आजोबा ना? सकाळपासून इथंच ठाण मांडून बसलेत. मी म्हटलं ठेवून जा, तर म्हणतात स्विच सोडून हलायचं नसतं. तीनदा खोलून दाखवलं, आत काही बिघाड नाही. ऐकायलाच तयार नाहीत. घरचा नंबर विचारला, तर बटणामागचा छापील नंबर वाचून दाखवला. तो लावूनही बघितला मी."

चहा व बिस्किटे दिल्याचे त्याने सांगितले. हवालदारांनी फोन माझ्याकडे दिला.

सासरे म्हणाले, "सूनबाई, माशांचं सकाळचं चुकलं गं. हा म्हणतो बटण चांगलं आहे. मग दाबल्यावर पंप थांबत का नाही?"

मी म्हणाले, "तुम्ही तिथेच बसा, आम्ही येतोय." विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही.

पतींना फोन करून तिकडे पाठवले. त्यानंतर ७.४० वाजता मी फोनवरून बटणाचे कुलूप काढले व डबी बंद केली. दोन्हींची नोंद कंट्रोलरमध्ये झालेली आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.

वरील मजकूर हवालदारांनी मला वाचून दाखवला. शेवटी त्यांनी सारांशात "घरातील बटण नादुरुस्त झाल्याने वृद्ध इसम घराबाहेर गेले" असे लिहिले होते. ते म्हणाले, "राहू द्या बाई, काय फरक पडतो." मी ती ओळ खोडायला लावली. तिच्या जागी माझ्या सांगण्यावरून "बटण चांगले होते, ते सुनेने न सांगता बंद केले होते" असे लिहिले आहे. आता मजकूर बरोबर आहे. खोडलेल्या ओळीपुढे व खाली, अशा दोन ठिकाणी मी सही केली आहे.